चौघांच्या मागून

उन्हाळा सरत आला की नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनजवळच्या माळावर हेदर फुलते. बुटकी, काटकुळी झुडपं, पण नजर पोचेल तिथपर्यंत जांभळा रंग. महामारीच्या पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही पाच जण ती बघायला गेलो: एक ठाणेकर जोडपं, एक कोथरूडकर जोडपं आणि मी. कोथरूडकरीणबाईंनी माळाकडे एकदा बघितलं आणि "कासच्या पठारावर याहून जास्त रंग असतात" असा निकाल दिला. सुट्टीच्या दिवशी पुणेकरांशी कोण वाद घालणार?

तेव्हापासून दर शनिवारी भटकायला जायचं ठरलं. त्या चौघांची ती हौस होती. माझी गरज होती. मार्चपासून ऑफिस घरात आलं होतं आणि घरात मी एकटी. आठवडाभर स्क्रीनवरच्या लोकांशी चिप बनवणाऱ्या यंत्रांबद्दल इंग्रजीत बोलायचं, संध्याकाळी आईला फोनवर "मजेत आहे" म्हणून सांगायचं. समोर हाडामांसाचं माणूस आणि तोंडात मराठी, हा योग फक्त शनिवारी. सहलीच्या आदल्या दिवशी शाळेत असताना व्हायचं तसं मला शुक्रवारी व्हायचं. चाळिशी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही, म्हणून मी कोणाला बोलले नाही.

सप्टेंबर संपता संपता हेदर तपकिरी पडली. बीचच्या झाडांची पानं कडेने पिवळी व्हायला लागली, सकाळी सायकलवर बोटं गारठायला लागली. आणि ऑक्टोबरात नवा नियम आला: बाहेर एकत्र फिरायचं तर जास्तीत जास्त चौघांनी. दोन जोडपी म्हणजे बरोबर चार. सरकारने आमच्याकडे बघूनच हा हिशेब केला असावा.

दोन दिवस गेले. मग ठाणेकरणीचा फोन आला.

"अगं, तू असं कर ना, थोडी मागून चाल. म्हणजे टेक्निकली आपण वेगळे. कोण काय म्हणणार?"

"चालेल की," मी म्हटलं. आळीपाळीने मागे राहू या, असं ती आता म्हणेल, असं मला वाटत होतं.

"आणि तुझा मसालेभात आण हं," ती म्हणाली.

मी गेले. स्वाभिमान वगैरे सगळं ठीक आहे, पण रविवार ते शुक्रवार तो माझ्याशी बोलायला येत नव्हता.

त्या दिवशी जंगल कधी नव्हे इतकं सुंदर दिसत होतं. पाऊस पडून गेलेला, ओल्या पानांखालून अळंब्या वर आलेल्या, झाडांमधून तिरपं ऊन. मला त्याचाही राग आला. पुढून हसण्याचा आवाज यायचा, पण कशावर हसतायत ते ऐकू यायचं नाही. मी जरा झपाझप चालले की कोणीतरी मागे वळून हाताने "हळू" अशी खूण करायचं. मग मी बुटाची लेस बांधायचं निमित्त करून थांबायची. एकदा खाली वाकले ती डोळे पुसूनच उठले.

जेवणाच्या वेळी मी बाकावर डबा ठेवला आणि मागे सरले. मग ते चौघे पुढे आले आणि त्यांनी वाढून घेतलं. पितृपक्षात पान ठेवून बाजूला होतात, अगदी तसं. "भात फर्स्ट क्लास झालाय गं," कोथरूडकर लांबूनच म्हणाले. मी मान डोलावली.

परतताना वनखात्याचा एक माणूस सायकलवरून आला. त्या चौघांपाशी थांबला आणि माझ्याकडे बोट दाखवून डचमध्ये विचारता झाला, "त्या तुमच्याबरोबर आहेत का?"

"नाही, नाही," ठाणेकर म्हणाला. मध्ये श्वासाचंही अंतर नव्हतं. दंडाची भीती होती, मला कळतं. पण मी ऐकू येण्याइतकी जवळ पोचले होते.

मग तो माणूस माझ्याकडे वळला. "एकट्याच आलात?"

"हो," मी म्हटलं. तो भला होता. डावीकडची वाट घ्या म्हणाला, फेरा पडतो पण तिकडे गर्दी नसते. आणि मी वळते का ते बघत तिथेच उभा राहिला. चौघे सरळ पार्किंगकडे गेले, मी डावीकडे.

फिरून झालं की आम्ही पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीपाशी थर्मासमधला चहा घेत अर्धा तास गप्पा मारायचो. माझा खरा शनिवार तोच. थोड्या वेळाने आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला, "पोचलो. कुठे आहेस?"

"मला वेळ लागेल, तुम्ही निघा," मी लिहिलं.

आता, आपल्याकडे "तुम्ही निघा" हे कोणी निघावं म्हणून म्हणत नाही. समोरच्याने "छे गं, ये सावकाश, थांबतो आम्ही" म्हणायचं असतं, आपण आणखी एकदा नको म्हणायचं असतं, आणि मग तो थांबतो. हे त्या चौघांना कोणी शिकवायला नको होतं. त्या भरवशावरच मी पाय उचलले. चिखलातून जवळजवळ पळतच होते.

फोन वाजला. ठाणेकरणीचा अंगठा आला होता. पाठोपाठ कोथरूडकरांचा. मग उरलेले दोन.