वेळेवर उघडते का?

ऐंशीच्या दशकात माझं काम एकच होतं: शाळांचा कारभार सुधारावा म्हणून मुख्याध्यापकांना आम्ही जे प्रशिक्षण दिलं होतं, त्याचा उपयोग झाला की नाही ते तपासायचं. तक्त्यातला पहिला प्रश्न होता, शाळा वेळेवर उघडते का?

दातिवऱ्याला अकराला पोचले, तर शाळेला कुलूप. रस्त्यावरून टोपली घेऊन चाललेली एक कोळीण हसली. "कुलूप काय बघता, बाय? आज पुनव हाय, बाराला भरती. पंचांग बघून यायाचा नाय?"

मुख्याध्यापिका किनाऱ्यावर सापडल्या. भरतीच्या पाण्याबरोबर बोटी आत येत होत्या आणि शाळेतली पोरं आयांबरोबर मासळी निवडत होती.

"आज शाळा सातला भरवली," त्या म्हणाल्या. "अष्टमीला या, तेव्हा भरती सकाळ-संध्याकाळची असते, पुरी अकरा ते पाच मिळेल."

"आणि नियम?"

"नियमाने घंटा दिली की भरतीला पोरं खिडकीतून पळायची. आता सगळी बसतात. तुम्हीच शिकवलंत ना, गावाचं बघून नियोजन करा?"

शिकवलं होतं खरं. पण तक्त्यात पर्याय दोनच, हो किंवा नाही.

"काय लिहिणार?" त्यांनी विचारलं. "नाही लिहिलंत तर कामचुकार म्हणून बदली. सगळं लिहिलंत तर वेळ कुणाला विचारून बदलली म्हणून बदली. सासूबाई अंथरुणावर आहेत. मला गाव सोडता येत नाही."

हो लिहिलं तर खोटं, नाही लिहिलं तरी खोटं. परतीच्या एसटीत बोईसरच्या कारखान्याचा एक कामगार शेजाऱ्याला सांगत होता, "अपनी तो शिफ्ट हर हफ्ते बदलती है।" त्याला कुणी बेशिस्त म्हणत नव्हतं. त्यामुळे माझा गोंधळ वाढलाच.

शेवटी प्रश्न कोरा सोडला आणि शाळेला 'मध्यम' शेरा दिला. मध्यमवाल्यांना कुणी हात लावत नाही, असा माझा हिशेब.

हात लावला. मध्यम शाळांच्या मुख्याध्यापकांना पालघरला पुन्हा प्रशिक्षणाला बोलावलं. विषय वेळेचं नियोजन, शिकवणार मी. दातिवऱ्याच्या बाई पहिल्याच बाकावर येऊन बसल्या.

"गावात शाळा कोण बघतंय?" मी विचारलं.

"बदली गुरुजी. अकराला उघडतात. पोरं दोन-चार येतात."

मी खडू हातात घेऊन उभी. फळ्यावर 'वेळेचं नियोजन' एवढंच लिहून झालं होतं.

"बाई, माझी बदली टळली ना?"

"सध्या तरी."

"मग शिकवा," त्या म्हणाल्या आणि वही उघडली.