खरा पाहुणा

एरंडोलच्या बसस्टँडवर एका म्हाताऱ्या अक्कांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या बाकड्याला लाडवाचा आग्रह केला. बाकडं गप्पच राहिलं. मग त्यांनी तोच लाडू माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, "नको नको, अक्का!"

"हाऊ खरा शे!" अक्का खूश झाल्या. "खरा माणूस पहिले नको म्हनस. खोटा काहीच बोलत नही."

मग त्यांनीच सांगितलं: नजर अधू झाल्यापासून त्यांना नसलेली माणसं दिसत, चांगली फेटे बांधलेली, मिशांना पीळ भरलेली. हे वेड नव्हे, नजर मंदावली की मेंदूच अशी चित्रं रंगवतो, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण होणाऱ्या व्याह्यांना कोण समजावणार? ते आता अक्कांना न्यायला येणार होते. त्यांना कळलं तर नातीची सोयरीक मोडेल, ही अक्कांना धास्ती.

व्याही आले ते तोंडात पान कोंबून. अक्कांनी लाडू पुढे केला. व्याह्यांनी नुसता हात हलवला. अक्कांनी लाडू डब्यात टाकला आणि सरळ पाठ फिरवली. व्याह्यांचा चेहरा उतरला.

मी घाईने कुजबुजलो, "अक्का, हे खरे आहेत! तोंडात पान आहे!"

अक्का गर्रकन वळल्या. "तोंडमा पान धरीसन सोयरीक करतस का? पहिले थुकी या! मनी नात द्यानी का नही, माले इचार करना पडी!"

व्याही हात जोडत कोपऱ्याकडे धावले.

अक्का हळूच माझ्या कानाशी आल्या. "व्याही खरंच पळना, का माले नुसतंच दिखनं?"