किडनीसाठी घेतलेल्या गोळ्या

दुर्बीण आत होती आणि मी जागी होते. औरंगाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथं मूत्राशयात गाठ आहे." गुलाबी भिंतीवर कोबीच्या फुलासारखं बारकं काहीतरी हलत होतं.

"तंबाखू, मिश्री?"

"नाही."

"पूर्वी कधी सायक्लोफॉस्फामाइड घेतलं होतं का?"

ते नाव मी अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं, तरी लगेच ओळखलं. "घेतलं होतं. दीड वर्ष, रोज."

ते फक्त "हं" म्हणाले आणि कागदावर लिहू लागले.

मी तलवाड्याची. गावातल्या महिला दूध संस्थेची मी सचिव आहे. तेहतिसाव्या वर्षी माझी बोटं सकाळी वळेनाशी झाली, गालांवर लाल चट्टे आले, मग पाय सुजले आणि लघवीला फेस यायला लागला. ल्युपस निघाला. आपल्या शरीरातली रोगाशी लढणारी यंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते, तो हा आजार. माझ्यात तो किडनीवर उतरला होता. बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी झाली, आणि औरंगाबादच्या संधिवाताच्या डॉक्टर मॅडमनी या गोळ्या लिहून दिल्या.

त्यांनी काही लपवलं नाही, हे मला सांगायलाच हवं. "औषध कडक आहे," त्या म्हणाल्या. "पाळी बंद होऊ शकते. मूत्राशयाला इजा होते, आणि पुढं कित्येक वर्षांनी कॅन्सरचा धोकाही असतो. म्हणून दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं आणि लघवी अडवायची नाही."

मी त्यातलं 'किडनी वाचेल' एवढंच ऐकलं. घरी येऊन सांगितलंही तेवढंच.

ते दुष्काळाचं साल होतं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. गावातली जनावरं चारा छावणीत बांधलेली, म्हणून संस्थेचं दूधही छावणीवरच गोळा करायचो. सकाळी सहापासून मी तिथं दुधाची फॅट तपासत बसायची. छावणीवर बाईमाणसाला लघवीला जायला जागा नव्हती. एरवी शेतात पीक उभं असलं की आडोसा मिळतो. त्या वर्षी नजर जाईल तिथवर रान उघडं होतं. मग मी पाणीच पीत नव्हते. दुपारी घरी जाईपर्यंत घसा कोरडा ठेवायचा, म्हणजे प्रश्न मिटला.

घरात पाणी वाटायचं काम सासूबाईंकडं होतं. मी त्यांना आत्या म्हणते. एकदा मी दुसरा तांब्या भरून घेतला तर त्या म्हणाल्या, "शोभा, जरा दमानं. टँकर यायला आजून तीन दिस हायती." त्या रागानं बोलल्या नव्हत्या. मी तांब्या परत हंड्यात रिकामा केला.

किडनी सुधारली. पाळी गेली ती गेली. नंतर मॅडमनी सौम्य गोळ्या दिल्या आणि दरवर्षी लघवी तपासायला सांगितलं. पहिली काही वर्षं तपासली. मग पाऊसपाणी बरं झालं, पाय सुजेनात, बीडमध्येच एका डॉक्टरकडून गोळ्या चालू ठेवल्या. जुनी फाईल कपाटात राहिली. ती त्यांनी मागितली नाही, मीही दाखवली नाही.

पहिल्यांदा लघवीतून रक्त आलं तेव्हा काहीच दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. उन्हाळी लागली समजून मी सब्जा भिजवून प्यायले. दुसऱ्यांदा इन्फेक्शनच्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्यांदा रक्ताची गाठ पडली, तेव्हा कुठं औरंगाबाद गाठलं.

ऑपरेशन दुर्बिणीतूनच झालं. गाठ आतून खरवडून काढली. रिपोर्टची वाट बघताना मी आणि माझे यजमान बाकावर बसून राहिलो. गाठ वरच्या थरातच होती, स्नायूत शिरली नव्हती. अशा वेळी बीसीजी, म्हणजे टीबीच्या लशीतलेच जिवंत जंतू मूत्राशयात सोडतात. माझी प्रतिकारशक्ती ल्युपसच्या गोळ्यांनी दबलेली, म्हणून ते टाळलं आणि केमोचं औषध नळीनं मूत्राशयात सोडायचं ठरलं. आठवड्याला एकदा, सहा आठवडे. औषध दोन तास धरून ठेवायचं, मग गेवराईपर्यंत एसटीत आग सहन करत यायचं. मला कुणी धीराची म्हणालं की कंटाळा यायचा. मी नुसती थकलेली होते.

त्या गोळ्यांवर भरपूर पाणी प्यायचं होतं, हे यजमानांना दवाखान्यात समजलं आणि त्याच दिवसांत त्यांच्या तोंडून आत्यांना कळलं. त्यांनी जेवण टाकलं.

"म्या तुला पानी पिऊ दिलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीतच नव्हतं, आत्या. मी सांगितलं नव्हतं."

"कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तुमच्या वाटचं मला दिलं असतं."

"दिलं असतं की. मंग?"

मी ताट पुन्हा त्यांच्यापुढं सरकवलं.

तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकायची होती, तेव्हा आत्या हट्टानं बरोबर आल्या. मूत्राशय स्वच्छ निघालं. नंतर मॅडमना भेटलो. त्यांचे केस आता पूर्ण पांढरे झालेत. मी काही विचारायच्या आत आत्यांनीच विचारलं, "पानी कमी पडलं म्हून झालं का हे?"

मॅडम म्हणाल्या, "आजी, पाण्यानं धोका कमी होतो, जात नाही. भरपूर पाणी पिऊनही काहींना होतं. आणि गोळ्या दिल्या नसत्या तर हिची किडनी तेव्हाच गेली असती. कशानं झालं हे मला नक्की सांगता येणार नाही."

परतीच्या एसटीत आत्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "म्हंजी पान्यानं न्हाई झालं, असं बी डाक्टरबाई म्हनली न्हाई."

"नाही."

"मंग आपुन दोघी बी हाव त्यात." एवढं बोलून त्यांनी पिशवीतली भाकरी काढली, अर्धी मला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली. कितीतरी दिवसांनी त्या माझ्यासमोर पोटभर जेवल्या.

ल्युपस, संधिवात, असल्या आजारांवर तुम्ही गोळ्या घेत असाल तर हे वाचून त्या बंद करू नका. औषधाचं नाव विचारून घ्या आणि जुनी फाईल प्रत्येक नव्या डॉक्टरपुढं ठेवा. औषध थांबून कितीही वर्षं झाली तरी सांगितलेली तपासणी करत राहा. लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, दाखवा.

माझी दुर्बीण अजून पुष्कळ वर्षं चालणार आहे. प्रत्येक वेळी आदल्या आठवड्यात अन्न गोड लागत नाही, आणि ते कधी लागेल असंही वाटत नाही. पण त्या गोळ्यांनी मला अकरा वर्षं दिली. त्यांत मुलीचं लग्न झालं, बंद पडत आलेली संस्था पुन्हा उभी राहिली. परत तीच वेळ आली तर मी त्या गोळ्या घेईन. फक्त मॅडम जे जे सांगतील ते सगळं घरी येऊन सांगेन.