मोडलेली घडी आणि परदेशातलं जेवण

परदेशात कुठं जेवावं, काय प्यावं आणि काय पाहावं, याविषयी माझी मतं पक्की आहेत. ती एकाच परदेशाच्या अनुभवावर उभी आहेत, पण विलायतेहून आलेल्या लोकांनी तरी दुसरा कुठला देश पाहिलेला असतो? आमच्या वाचनालयात असल्या एका वकिलाचं व्याख्यान झालं होतं. विषय पाश्चात्त्य संस्कृती. त्यातला बराचसा वेळ काटा-चमचा कसा धरावा यातच गेला. सुरी उजव्या हातात धरायची असते हे कळायला बोटीचं भाडं भरावं लागतं, हे ज्ञान मात्र मला त्या दिवशी फुकट मिळालं.

आमचा परदेश जवळ होता. बेळगावला सकाळी गाडीत बसायचं, लोंढ्याला गाडी बदलायची, कॅसलरॉकला इंग्रजांचं राज्य संपायचं आणि घाट उतरला की कुळ्याला पोर्तुगिजांचं सुरू व्हायचं. पासपोर्ट वगैरे भानगड नव्हती. आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, तर सरहद्दीचं काहीच कौतुक नव्हतं. तिचं सासर बेळगावला लागूनच असलेल्या शहापूरचं; शहापूर एका संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांकडे. भाजी आणायला ती रोज राज्य बदलत असे.

आम्ही गेलो ते तिच्या नवसासाठी. तिचा मुलगा विषमज्वरानं अंथरुणाला खिळला होता. तो उठून बसला तर फोंड्याजवळच्या देवीला, आमच्या आईच्या माहेरच्या देवीला, घरच्या मागावरचं कोरं लुगडं नेसवीन, असं ती बोलली होती. मुलगा उठला. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, लुगडं विणलं. हिरवं अंग, तांबडे काठ. विणून झाल्यावर दाजींनी स्वतः घडी घातली आणि आक्कानं ती पांढऱ्या फडक्यात बांधली. देवीच्या अंगावरच ती उलगडायची. आमच्याकडे नव्या लुगड्याची घडी मोडणं म्हणजे ते पहिल्यांदा नेसणं. एकीनं घडी मोडली की ते तिचं झालं, मग दुसरीला दिलं तर ते जुनं दिल्यासारखं. देवीला कोण जुनं देतं?

लुगडं नेसवेपर्यंत आक्काचा उपास होता. बरोबर केळी होती, फुटाणे होते, एवढ्यावर तिचं चाललं होतं. दूधसागरचा धबधबा आला तेव्हा सगळा डबा एका बाजूला धावला. दाजी तर खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर. आक्का गाठोडं मांडीवर घेऊन जागेवरच बसली.

"अगं बघ की," दाजी म्हणाले.

"पाणीच हाय न्हवं? येताना बघती."

धबधबा पाहण्याची योग्य पद्धत हीच आहे असं माझं मत आहे. जाताना माणसाचं लक्ष सामानात असतं.

कुळ्याला जकातीसाठी सगळ्यांना फलाटावर उतरवलं. अंमलदार पाखला होता, म्हणजे गोरा पोर्तुगीज. जाड मिशा, पितळी बटणं, आणि छातीवर अशी एक फीत की जणू त्यानं कुठलं तरी युद्ध एकट्यानं जिंकलं होतं. हाताखालचा गोंयकार कारकून प्रत्येकाला विचारत होता, "नवें कितें आसा?" आक्का खोटं बोलणारी नाही. तिनं सांगितलं, नवं लुगडं आहे, देवीचं आहे, उलगडू नका.

कारकुनानं ते साहेबाला सांगितलं असावं. पण आमच्या भागात 'उलगडू नका' म्हटलं की सभ्य माणूस थांबतो, आणि जकातीच्या माणसाला तेच ऐकून आत काहीतरी दडवलंय असं वाटतं. साहेबानं फडकं सोडलं. एका झटक्यात लुगडं मोकळं केलं. आत काहीच निघालं नाही. मग लांबी बघायला की गंमत म्हणून, देव जाणे, पदर आपल्या खांद्यावर टाकला आणि कारकुनाकडे पाहून हसला.

फलाटावरचे चार लोकही हसले. आक्का हसली नाही.

जकात भरली, लुगडं परत मिळालं. दाजींनी ते गाडीत पुन्हा घडी घालून दिलं. आधीच्या रेघेवर रेघ बसवली. आक्का बघत राहिली.

"बसली की परत," दाजी म्हणाले.

"बसली. पण मोडलती."

"त्यानं काय नेसलंय काय?"

"पदर घेतला न्हाय खांद्यावर? आणि नेसायचं म्हंजे काय राहिलं? आता हे लुगडं त्या मिशीवाल्याचं झालं, अवो."

दाजींना हसू आलं आणि ते त्यांनी गिळलं. मी शाळेत मास्तर, त्यामुळं समजूत घालण्याचा मला सराव होता. मी म्हटलं, "आक्का, देवी असल्या गोष्टी बघत नाही."

"तुला कधी सांगितलं रं तिनं?"



मडगावला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. प्रवाशांनी इथं बाजाराजवळच्या खानावळीत जेवावं. ज्या खानावळीच्या दारात मांजरं जास्त, तिथलं मासळीचं ताट चांगलं, हा नियम मी तेव्हा केला आणि तो कधी चुकला नाही. उकडा भात जाड असतो, पहिल्या घासाला घशाशी वाद घालतो, पण आमटी पडली की समेट होतो. सोलकढी हवी तेवढी प्यावी. काजूच्या दारूचा वास आधी येतो, मग मालक येतो, मग ग्लास येतो. पहिल्या घोटाला पश्चात्ताप होतो आणि दुसऱ्याला त्या पश्चात्तापाचा. दाजींनी तिसराही घेतला. इगर्ज, म्हणजे इथलं चर्च, बाहेरून पाहावी. चुना एवढा पांढरा की आतल्या वैभवाची कल्पना येते आणि पायताण काढायचं की टोपी, हा घोळ टळतो.

आक्कानं यातलं काही पाहिलं नाही. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या ओसरीत ती गाठोडं घेऊन बसली होती. मी केळी नेऊन दिली तर म्हणाली, "नेसवायचं का न्हाय ते कळंना झालंय. न्हाय नेसवलं तर नवस ऱ्हातोय. नेसवलं तर उतरलेलं दिल्यागत हुतंय. पोराला परत काय झालं तर कुणाला विचारू?"

आता ते हसण्यासारखं राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीनं निघालो, वाटेत नदी होडीतून ओलांडली आणि देवळात पोचलो. आक्कानं भटजींना सगळं सांगितलं, पाखल्याच्या खांद्यासकट. भटजी म्हणाले, "घाटावरून येणारें प्रत्येक लुगडें कुळ्यांत उलगडतात, बाय." आक्काचं समाधान झालं नाही. तेव्हा ते म्हणाले, "तर मग कौल लावूंया."

कौल म्हणजे देवीला विचारणं. फुलाच्या पाकळ्या ओल्या करून मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ओली पाकळी सुकली की पडते, हे मला माहीत होतं. तरीही उजव्या बाजूला वारा कुठून येईल, हे मी खांबाआडून शोधत होतो.

दोन्ही पाकळ्या पडेनात. समयीत तेल घातलं, भटजींनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, घंटा वाजली. पाकळ्या जिथल्या तिथं. दाजी भिंतीला टेकून बसले.

"देवी आज बोलना," भटजी म्हणाले. "उद्यां परत विचारूंया."

आक्का गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी सरकली. आवाज मोठा नव्हता, पण घरात सासूशी बोलतानाचा होता.

"हे बघ आई. पोरगं घरात ठेवून आलोय. कोरं म्हणून बोलले, कोरंच आणलंतं. वाटेत त्यानं मोडलं, मी न्हाय मोडलं. नको असंल तर आत्ता सांग. डावी पाकळी पाड, मी लुगडं घिऊन जाती, आणि दुसरं विणून हुईपर्यंत ऊन बघत न्हाय का पाऊस. गप ऱ्हायलीस तर चालतंय म्हणून समजीन."

ती थांबली. आम्ही सगळेच थांबलो. डावी पाकळी, मला तरी वाटलं, जरा हलली. पडली नाही.

"नेसवा," आक्का भटजींना म्हणाली.

"पण कौल..."

"अवो, बाईमाणसाला नको असलं की ती लगेच बोलती. गप बसली म्हंजे आवडलंय."

भटजींनी दाजींकडे पाहिलं. दाजी एवढंच म्हणाले, "आमच्यातबी असंच हाय."

लुगडं नेसवायला घेतलं तेव्हा दोन्ही पाकळ्या भटजींच्या हाताला चिकटून निघाल्या. उजवी कुठली आणि डावी कुठली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी ते पाहिलं. आक्कानंही पाहिलं असावं, पण तेव्हाच नेमका तिला निऱ्यांचा दोष दिसला. "जरा खाली घ्या. हां. काठ दिसू द्या."

मग देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या घरात, पान मांडलं. भात, वरण, आणि दहा-बारा भाज्या एकत्र शिजवलेलं खतखतें. मासळी नाही, मांजर नाही, माझा नियम इथं लागू नव्हता. तरी परदेशात कुठं जेवावं असं कुणी विचारलं तर मी तीच जागा सांगतो, कारण आक्कानं तिथं तीनदा भात मागून घेतला.

हात धुऊन ती पुन्हा देवळात गेली आणि बराच वेळ उभी राहिली. दाजींना समुद्र बघायची घाई झाली होती.

"चल की गं आता. काय बघतीस एवढं?"

"त्या मिशीवाल्याला पदर काय शोभला न्हवता बघा," आक्का म्हणाली. "हिरवा रंग गोऱ्या माणसाला चालत न्हाय. हिला कसा उठून दिसतोय."