उलटतपासणी माझ्या भावाची

लोणावळ्याजवळच्या एका लॉ कॉलेजात मी बरीच वर्षं फौजदारी कायदा आणि वकिलीची नीतिमत्ता शिकवली. आरोपी कितीही नकोसा असला तरी त्याला वकील मिळालाच पाहिजे, हे फळ्यासमोर उभं राहून सांगताना मला कधी जड गेलं नव्हतं.

मग आमच्या गावी, वडिवळ्यात, माझ्या धाकट्या भावाला संध्याकाळी एका टेम्पोनं उडवलं. टेम्पो थांबला नाही. भावाच्या पायात रॉड घालावा लागला, त्या वर्षीची भातलावणी मजुरांवर सोडावी लागली. पोलिसांनी जवळच्या नवलाख उंबरे गावातल्या कंपन्यांचा माल ने-आण करणाऱ्या एका ड्रायव्हरला पकडलं. त्याला वकील परवडत नव्हता. विधी सेवा समितीनं त्याची केस दिली ती नेमकी माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडे.

ती घरी आली. दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, केस सोडून देऊ का? तो मला म्हणाला की..."

"तो काय म्हणाला ते मला सांगू नकोस," मी तिला थांबवलं. "माझ्यासाठी केस सोडू नकोस. आणि निकाल लागेपर्यंत इकडे येऊ नकोस."

ती गेल्यावर भावाला हे कसं सांगायचं, सुचत नव्हतं. सांगितलं तेव्हा तो फक्त "बरं" म्हणाला.

साक्षीच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं, "आक्का, कोर्टात काय बोलू? समदं गाव म्हणतंय, त्योच व्हता."

"तुला दिसलं तेवढंच सांग."

वडगावच्या कोर्टात मी मागच्या बाकावर बसले. माझ्या विद्यार्थिनीनं आवाज न चढवता विचारलं, "ड्रायव्हरचा चेहरा तुम्ही पाहिला होता?"

भाऊ काठीवर रेलला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "न्हाई. दिवं डोळ्यावर आलतं."

दुसरा पुरावा फारसा नव्हता. ड्रायव्हर सुटला. टेम्पो कोण चालवत होतं, ते आम्हाला आजही माहीत नाही. भावजय कित्येक महिने माझ्याशी तुटक बोलायची. तिचं चुकतंय असं मला वाटलं नाही.

भातकाढणी उरकल्यावर ती विद्यार्थिनी भावाला भेटायला वडिवळ्याला आली. मीही तिथंच होते. भाऊ तिला म्हणाला, "लय बारीक इचारता तुमी." आणि आत तोंड करून भावजयीला हाक दिली, "चहा टाक गं. उद्या आपल्यावर बालंट आलं, तर ह्याच वकीलबाई धरायच्या."

भावजयीनं चहा आणून ठेवला. साखर जरा कमी होती.