धुळीत नसलेला वाघ

सेमाडोहची करिश्मा पर्यटकांना जंगल दाखवणाऱ्या इंग्रजी गाईडच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. या वेळी जमलं नाही तर आईबरोबर अकोल्याला बांधकामावर जायचं, असं घरात ठरलं होतं. तिच्या आईनं, शकुननं, भांडी पोत्यात भरूनही ठेवली होती.

मी वनमजूर होतो. आग पसरू नये म्हणून जंगलात मोकळे पट्टे काढण्यात माझी हयात गेली. मला इंग्रजी येत नाही, पण कोण कुठे अडखळतं ते कळतं. रोज सकाळी करिश्मा माझ्यासोबत जंगलरस्त्यानं चालायची आणि वाक्यं म्हणायची. पुस्तकातलं वाक्य होतं, मी डॉक्टरकी शिकले असते तर आज डॉक्टर असते.

"तुले डॉक्टर व्हायचं होतं काय?"

"नाई, मामा."

"मंग कावून म्हणून राहिली? म्हणूनच अडते."

ती अडायची दुसऱ्या अर्ध्यात. अट कालची, परिणाम आजचा, हे तिनंच मला सांगितलं होतं. पण बोलताना ती दोन्ही कालवरच ढकलायची. मी म्हटलं, या रस्त्याचं बोल. रात्री वाघ आला असता, तर आता इथे ठसे असते. 'आता' आलं की बोट धुळीकडे. चुकली की पहिल्यापासून. रडली तरी पहिल्यापासून.

परीक्षेच्या दिवशी पर्यटक म्हणून बसायला माणसं कमी पडली. मला जिप्सीत मागे बसवलं. तोंड उघडायचं नाही, ही ताकीद. परीक्षक साहेब मधल्या सीटवर, करिश्मा पुढे, गाडी चालवायला ओमप्रकाश. नाल्याजवळ साहेबांनी गाडी थांबवून इंग्रजीत काही विचारलं. 'टायगर' तेवढं मला समजलं.

ओमप्रकाश हळूच म्हणाला, "आत्ताच गेला म्हण ना. सारेच म्हणतात. साहेब खूश, तू पास."

मी खाली पाहिलं. धूळ कोरी होती. करिश्माही तिकडेच पाहत होती. तिच्या मानेवरून घाम उतरत होता. मी दात आवळून बसलो.

"नो, सर. इफ द टायगर हॅड कम इन द नाईट..."

ती थांबली. मग तिचं बोट खाली गेलं.

"...देअर वुड बी मार्क्स हिअर नाऊ."

"मग आम्हाला इकडे आणलंच कशाला?" साहेब मराठीत आले. आवाज कडक.

"वाघ नाई म्हणायले बी धूळ पाहाच लागते, सर."

साहेबांनी गाडी फिरवायला सांगितली. फाटकाशी साहेब उतरून गेल्यावर ओमप्रकाश करिश्माला म्हणाला, "जाय, तुये कपडे बी भर त्या पोत्यात."

करिश्मा उतरून घराकडे चालू लागली. मी तिच्यामागे.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी तिला पास केल्याचं कळलं आणि गाईडचा बिल्ला मिळाला. शकुननं पोत्याची गाठ सोडून पातेलं चुलीवर ठेवलं. करिश्मा बिल्ला दाखवायला माझ्या दारी आली.

"वाक्याच्या मधात थांबली होतीस," मी म्हटलं. "उद्या सकाळी ये."