मिसरकाकांचे पोहे

दुसऱ्याच्या भरवशावर कुणी छाती फुगवली की मिसरकाका चष्मा कपाळावर चढवून विचारत, "काय रे, मिसरची फौज निघाली का?" मिसर म्हणजे इजिप्त; त्यावरून अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आम्हा मराठी लोकांत त्यांचं हेच नाव पडलं. मूळचे अलिबागचे, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी फोन बंद, रविवारी माझ्या किराणा दुकानात हजर. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने ते घरी मलिदा करत, गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा प्रसाद. त्याचे पोहे मुठीत घेऊन हुंगल्याशिवाय घेत नसत. मी भाव सोडत नसे, ते वास सोडत नसत.

एका वर्षी जागेच्या मालकाने सगळ्या दुकानदारांना हलवायचं काढलं. मला मागच्या बाजूचा लहान गाळा देत होता. शेजारचा मोठा फर्निचरवाला म्हणाला, "यार, साइन करू नकोस. माझा लॉयर आहे, एकत्र लढू." लॉयरचं पत्र गेलं, मालक गप्प बसला. मी पेढे वाटले.

काकांनी पेढा हातातच धरला. "यरुशलेमला वेढा पडला होता. मिसरची फौज मदतीला निघाली म्हटल्यावर शत्रू हटला. गावात दिवाळी! एक म्हातारा संदेष्टा तेवढा सांगत होता, ती फौज आपल्या घरी जाईल, वेढा परत पडेल. बाळा, मागचा गाळा घे."

माझं डोकं फिरलं. "काका, पोहे घ्या आणि निघा!"

"निघतो. त्या म्हाताऱ्याला चिखलाच्या हौदात टाकलं होतं. तू निदान पोहे देऊन पाठवतोयस."

फर्निचरवाल्याने मालकाशी गुपचूप जमवलं. माझी जागासुद्धा त्यालाच मिळाली. मागचा गाळा तोवर गेला होता. तो माणूस आजही समोर आला तर मी ओळख देत नाही. देणारही नाही.

दुकान रिकामं केलं त्या दिवशी काका आले. मला वाटलं, आता ऐकवतील. ते म्हणाले, "पुढच्या मलिद्याचे पोहे तुझ्याकडूनच हां."

"कुठल्या दुकानातून देऊ, काका?"

"त्या म्हाताऱ्याने वेढा चालू असताना शेत विकत घेतलं होतं. मी तर पोहेच मागतोय."

पुढे ते मुलीकडे सांता क्लाराला गेले. मी गॅरेजमधून माल विकत राहिलो, मग एक गाळा मिळाला, लहानसाच. पहिलं पार्सल त्यांना पाठवलं. फोन आला, आवाज फार खोल गेला होता.

"बाळा, पोहे मिसरहून आले की तुझ्याकडून?"

"माझ्याकडून, काका. माझ्या दुकानातून."

"मग मलिदा होणार," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. पोह्यांचं नवं पोतं फोडलं की मी आधी मूठभर घेऊन हुंगतो. भावाचं नंतर.